धडा घरी वाचा

"मोठ्यानं वाचा, मॅडम. पोरांपुढं वाचताना लाज वाटली न्हाई, आता काहून वाटून राह्यली?"

आप्पासाहेब म्हणाले. आप्पासाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ते खुर्चीत. हेडसर खुर्चीत. गणिताचे सर, मराठीचे सर, क्लार्क, सगळे खुर्चीत. मी उभी. हातात दहावीच्या विज्ञानाचं पुस्तक, प्रजननाचा धडा उघडलेला. मधली सुट्टी चालू होती आणि बाहेर खिचडीच्या रांगेत लहान पोरांचा गलका होता.

मी वाचायला लागले. पुरुषाच्या शरीरातले अवयव. बाईच्या शरीरातले अवयव. क्लार्क मान खाली घालून हसत होता, एकेका शब्दाला त्याचे खांदे हलत होते. मराठीचे सर खिडकीबाहेर बघत होते. गणिताचे सर माझ्याकडं बघत होते. पुस्तकाकडं नाही, माझ्याकडं. पदर सारखा करावासा वाटला. केला नाही. केला असता तर त्यांना तेही बघायचंच होतं.

"थांबा," आप्पासाहेब म्हणाले. "ह्यो शब्द परत वाचा. बराबर ऐकू आला न्हाई."

मी परत वाचला.

"आजून एकदा."

योनी, हा शब्द होता. सरकारनं छापलेला. परीक्षेत आकृती काढून नाव दिलं की मार्क मिळतात. इथं बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेनं जगात आलेला. पण त्या खोलीत तो शब्द माझ्या तोंडून तीनदा वदवून घेतला, आणि तिसऱ्यांदा तो शब्द राहिला नाही, शिवी झाली. माझ्याच तोंडून मलाच दिलेली.

खोलीत आणखी एक माणूस होता. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला, मोबाइलमध्ये डोकं घालून. संस्थेचा सचिव. आप्पासाहेबांचा मुलगा. मी उभी होते तिथून मला त्याचा मोबाइल दिसत होता. मोबाइल बंद होता. तो काळ्या काचेकडं बघत होता.

त्या माणसावर मी प्रेम केलं होतं. आता हे सरळ लिहिते, कारण त्या दिवसापर्यंत ते मी कुठंच बोलले नव्हते.

पण आधी धड्याचं सांगते.

मी परतूरला हायस्कुलात होते. आमचं गाव तिथून जवळ, भीमनगरात आमची एक पत्र्याची खोली. बाप लवकर गेला. माय हंगामात जिनिंगवर कापसात, नाहीतर लोकांच्या रानात. दहावीला आमच्या विज्ञानाच्या सरांनी सगळे धडे रेटून शिकवले, या धड्यापाशी आले आणि खडू खाली ठेवला. म्हणाले, "ह्यो धडा घरी वाचा." पाठीमागून पोरं फिदीफिदी हसली. आम्ही पोरींनी माना खाली घातल्या. सर पुढच्या धड्याला लागले.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. त्याला हे वाक्य पाठ असेल.

घरी वाचा. कुणाच्या घरी? आमच्या घरी एक खोली. मायला अक्षर येत नाही. भाऊ शेजारी बसून जेवतोय. ते पान उघडलं तर झाकायला जागा नाही. मी पुस्तक ज्वारीच्या पोत्यामागं नेऊन, पोतं नीट लावल्यासारखं करत, वाकून वाचलं. आकृतीत बाई उभी कापलेली होती. तिला चेहरा नव्हता. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. ती आकृती माझीच आहे हेही कळलं नाही.

सातवीत पाळी आली तेव्हा मला वाटलं, मी मरून राह्यले. मायनं जुन्या लुगड्याचा धडपा फाडून दिला आणि एकच वाक्य बोलली, "आता जपून ऱ्हाय." कशापासून जपायचं ते सांगितलं नाही. तिला तिच्या मायनं तेवढंच सांगितलं असणार. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही बाया जपून राहिलो. कशापासून ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि प्रेम? आमच्याकडं प्रेमाला तीन नावं होती. लफडं, भानगड, आणि पळून गेली. पोरगी भर दुपारी एसटीचं तिकीट काढून, खिडकीत बसून गेली तरी ती पळूनच गेली. मोठ्या घरात झालं की मात्र त्याचं लव्ह मॅरेज व्हायचं, स्टेज लागायचं, आमदार यायचा. जात बघून नाव बदलणारी ही एकच गोष्ट नाही म्हणा.

बारावी झाले. जालन्याला बीएस्सीला आले. मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले. प्रॅक्टिकलला दोघादोघांच्या जोड्या लावल्या तेव्हा माझ्या जोडीला तो आला. त्यांचं गाव आमच्यापासून चार कोसावर. जमीन, बंगला, संस्था, सगळं होतं. त्यानं पहिल्या दिवशी कांद्याचा पापुद्रा काढायचा प्रयत्न केला आणि कांद्याचा चेंदा केला. मी काढून दिला. पातळ, अख्खा. तो म्हणाला, "तुझा हात बिलकुल थरथरत न्हाई."

त्यानंतर थरथरायला लागला.

हे कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात अवयव होते, हवंसं वाटणं नव्हतं. तो शेजारी वाकून सूक्ष्मदर्शकात बघायचा तेव्हा त्याच्या मानेला साबणाचा वास यायचा, आणि माझं लक्ष पेशींवरून उडायचं. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या की मला त्याचं मनगट बघत बसावंसं वाटायचं. सुट्टीत गावी गेले की भाकरी थापता थापता हसू यायचं, आणि माय म्हणायची, "येडी झालीस का?" मला वाटलं, माझ्यातच काही खोट आहे. पुरुषाला हवं वाटतं, बाईनं जपून राहायचं, एवढंच ऐकलेलं. बाईलाही वाटतं, तिच्या पोटातून, तिच्या हातापायांतून, हे मला विसाव्या वर्षी स्वतःच्या अंगावरून कळलं.

एका दुपारी आम्ही मोती तलावाच्या काठाला बसलो होतो. तो गवताची काडी मोडत होता. मग म्हणाला, "हात धरू का?"

मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. कोणती शाळा, कोणता रंग, किती शिकायचं, कधी गप्प बसायचं, सगळं सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "थांब जरा."

तो थांबला. तोंड वाकडं केलं नाही. कांद्याच्या चेंद्यावरून स्वतःचीच टिंगल केली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. पुढच्या आठवड्यात मीच म्हणाले, "धर."

पुढं जे झालं तेही विचारूनच झालं. ते इथं लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे; ते माझं आहे म्हणून. एवढंच लिहिते की ते चांगलं होतं. त्यानं पुढं काय केलं ते तुम्ही वाचणारच आहात, तरी ते चांगलं होतं. हे लिहिताना अजून दुखतं.

शेवटच्या वर्षाला तो मला घरी घेऊन गेला. प्रॅक्टिकलची वही आणायच्या निमित्तानं. मी नवा ड्रेस घातला होता. ओसरीत बसलो. त्याची आई चहा घेऊन आली. त्याला कपबशी. आप्पासाहेबांना कपबशी. मला कागदाचा कप. नव्या पाकिटातून काढलेला, वर निळी फुलं छापलेली.

मी खूश झाले.

हसा पाहिजे तर. मला वाटलं, पाहुणी म्हणून माझ्यासाठी नवा कप काढला. आमच्याकडं पाहुणा आला की ठेवणीतला कप काढतात, शेजारून आणतात, तसंच असेल. घरच्यांना रोजचे कप, मला फुलांचा. चहा पिऊन मी उठले, तर त्याची आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, घरात नको आणू. तिकडं बाहेर टाक." मी बाहेर गेले आणि टाकला नाही. रुमालानं पुसला, पर्समध्ये ठेवला. वसतिगृहात आल्यावर चपटा केला आणि प्रॅक्टिकलच्या वहीत ठेवला, कांद्याच्या पेशींची आकृती होती त्या पानात. मुली मोरपीस ठेवतात. मी तो कप ठेवला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वही पडली आणि कप मायच्या पुढ्यात आला.

"ह्ये काय ठिवलं, बाई?"

मी लाजत लाजत सांगितलं. कोणाच्या घरी गेल्ते ते. कोणी चहा दिला ते. मायनं कप हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"त्यानं कशात पेला?"

"कपबशीत."

"त्याच्या बापानं?"

मी वही मिटून घेतली. मायनं माझ्याकडं बघितलंही नाही. चुलीपुढं बसली होती, कप चुलीत घातला. फुलं आधी काळी झाली.

"आमच्या येळंला आमच्यासाठी येगळी बशी ठिवायचे," ती म्हणाली. "गोठ्याच्या वळचणीला. ती आमीच धुवून ठिवायचो. आता त्यायला बरं झालं. धुवायची पण कटकट न्हाई."

माय निरक्षर आहे. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघणारी मी, आणि एवढं मोठं मला दिसलं नव्हतं.

जालन्याला परत आल्याबरोबर मी त्याला गाठलं. "कप तू पाह्यला व्हता?"

"आईची सवय ए. तिच्या मनात तसलं काही न्हाई."

"तू पाह्यला व्हता का, एवढंच सांग."

"हो."

"मंग?"

"मंग मी काय करायला पाहिजे व्हतं?" तो खरंच विचारत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तूही कागदाचा कप घ्यायचा. कपबशीतला चहा त्यात ओतायचा अन् माझ्या शेजारी बसून प्यायचा. बस." तो म्हणाला, "इतक्या बारक्या गोष्टीचं तू इतकं मोठं करून राह्यली." हात धरायच्या आधी विचारणारा माणूस. माझ्या बोटाला शिवायच्या आधी विचारत होता, आणि माझ्या माणूस असण्याचं काय चाललंय ते समोर बसून बघत होता, मूग गिळून.

अशा गोष्टींत बाई त्याच क्षणी उठून जाते. मी गेले नाही. मी आणखी चार-पाच महिने त्याच्या मागं राहिले. प्रेम काय नळ आहे, चावी फिरवली की बंद? रोज ठरवायचे, रोज जायचे. मग एक दिवस कॉलेजच्या ग्रुपवर त्याच्या साखरपुड्याची पत्रिका आली. मुलगी परभणीकडची, त्यांच्यातलीच. मी त्याला शोधत पार्किंगमध्ये गेले तर तो मित्राशी बोलत होता, पाठमोरा. मित्रानं माझं नाव घेऊन काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "कॉलेजातलं लफडं व्हतं रे. संपलं."

लफडं. त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आम्ही तळ्याकाठी बसायचो तेव्हा तो त्याला प्रेम म्हणायचा, मी पण म्हणायचे. शब्द बदलायला त्याला एक साखरपुडा पुरला. मी मागच्या मागं फिरले. वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले, कारण खोलीत चौघीजणी होत्या.

मी बीएड केलं. घरी बसले. मायला कापसाच्या तुसानं खोकला धरला होता, रात्रंदिवस. तेव्हा त्याचा फोन आला. "आमच्या शाळेत सायन्सची जागा ए. तासिकेवर हाय, पण पुढं कायम करून घेऊ. मी आप्पांना सांगितलंय, पोरगी हुशार ए म्हणून."

मी घेतली. इथं मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मायच्या खोकल्यासाठी घेतली, हे खरं आहे. पण अर्धंच खरं. तो आठवड्यातून एकदा शाळेत यायचा, गाडीतून उतरून ऑफिसपर्यंत चालत जायचा. ते चालणं मला वर्गाच्या खिडकीतून दिसायचं. उरलेलं अर्धं खरं ते होतं. आणि तो? करून सवरून नामानिराळा. सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणायचा आणि मी त्याला "सर". नोकरीचा घास तोंडात असला की तोंड बंद राहतं, हे त्याला ठाऊक होतं. मलाही होतं.

पहिली तीन वर्षं मी काय केलं ते ऐका. धडा आला की खडू खाली ठेवला. म्हणाले, "हा धडा घरी वाचा." मी म्हणाले. तेच, तसंच. पाठीमागून पोरं फिदीफिदी हसली, पोरींनी माना खाली घातल्या आणि मी पुढच्या धड्याला लागले.

चौथ्या वर्षीही तेच म्हणाले, आणि महिन्याभरानं त्या वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. वाळून काडी झाली होती. आत कुणी नाही बघून म्हणाली, "मॅडम, कुणी हात धरल्यानं पोट ऱ्हातं का?"

जत्रेत एका पोरानं जबरदस्तीनं तिचा हात धरला होता. दोन महिने ती घाबरून होती. पोट दिसू नये म्हणून जेवत नव्हती. विहिरीपर्यंत एकदा जाऊन आली होती. पुस्तक तिच्या दप्तरात होतं. उत्तर त्यात छापलेलं होतं. मी तिला घरी वाचा म्हणाले होते.

मी तिला जवळ बसवलं, हात धरल्यानं काही होत नाही म्हणून सांगितलं आणि डबा उघडून माझ्यासमोर अर्धी भाकरी खायला लावली. ती गेली आणि मी तिथंच बसून राहिले. ती विहिरीवरून परतली नसती तर तिला मारणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी मी तो धडा शिकवला. मुलं-मुली एकत्र. चार दिवस. अवयव तर शिकवलेच, पण पुस्तकात नसलेलंही बोलले. या वयात कुणीतरी आवडायला लागतं, ते पाप नाही, रोगही नाही. आवडणं म्हणजे मालकी नाही. खडूचं रिकामं खोकं ठेवलं, म्हणाले, नाव न लिहिता विचारा. खोकं भरलं. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? मी म्हणाले, मी दरवर्षी लावते, लोणचं मजेत आहे. वर्ग हसला, आणि पहिल्यांदा ते हसणं फिदीफिदी नव्हतं. दाढी येत नाही, काही रोग आहे का? एखाद्या मुलाला मुलगाच आवडत असेल तर? मी म्हणाले, आवडू शकतो, तो कुणाचा गुन्हेगार नाही. एका चिठ्ठीत होतं, पोरीचा हात धरायचा असेल तर काय करायचं?

मी म्हणाले, "विचारायचं. ती थांब म्हणाली तर थांबायचं. तोंड वाकडं न करता थांबायचं. ती नको म्हणाली तर तिथंच विषय संपला."

कुठून आलं हे माझ्याकडं, ते मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी दोन चिठ्ठ्या राहिल्या. एकीत होतं, प्रेम आणि लफडं यात फरक काय? मी म्हणाले, "जे केलं ते चारचौघांत कबूल करायची हिंमत असली की ते प्रेम. लफडं हे दुसऱ्यानं ठेवलेलं नाव आहे. स्वतःच्या प्रेमाला ते नाव देऊ नका." दुसरी चिठ्ठी उघडली. मॅडम, तुम्ही कुणावर प्रेम केलं का?

मी म्हणाले, "हो."

एवढंच. नाव नाही, गाव नाही. तो 'हो' शाळा सुटायच्या आधी गावात पोचला. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात उभी होते.

"आजून एकदा," आप्पासाहेब म्हणाले होते, आणि मी तिसऱ्यांदा वाचलं होतं. मग त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. माफीनामा. मी वर्गात मर्यादा सोडून बोलले, विद्यार्थ्यांवर वाईट संस्कार केले, पुन्हा असं करणार नाही. खाली सहीची रेघ.

"सही करा अन् तासाला जा. पोरगी गरीबाघरची हाय म्हणून सोडून राह्यलो," ते म्हणाले. "ह्ये असलं तुमच्या वस्तीत चालत आसल. इथं आमच्या लेकी हायेत."

क्लार्कनं पेन पुढं केलं. मी ते घेतलंसुद्धा. मायचा खोकला कानात होता.

"अन् एक सांगा," आप्पासाहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले. आता ते मजेत होते. "हात धरायचा का, इचारायचं का, थांबायचं का. ह्ये ग्यान तुमाला दिलं कुणी?"

तेव्हा त्यानं मान वर केली.

इतक्या वर्षांनी तो सरळ माझ्याकडं बघत होता. तेच डोळे. त्यात विनवणी होती. नाव नको घेऊ, असं ते डोळे म्हणत होते. आणि माझं मन, माझं मूर्ख मन, एका क्षणासाठी त्याला वाचवायला निघालं. मी सही केली असती, तर ती नोकरीसाठी केली नसती. त्याच्या त्या नजरेसाठी केली असती.

मी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या मुलानं दिलं," मी म्हणाले. "मोती तलावापाशी. हात धरायच्या आधी त्यानं मला विचारलं व्हतं. मी थांब म्हणाले तर थांबला व्हता. तेवढंच मी पोरांना शिकवलं. कागदाचा कप त्यानं न्हाई शिकवला, तो तुमच्या ओसरीत शिकले."

क्लार्कचे खांदे हलायचे थांबले. हेडसरांनी टेबलावरची फाइल उगीच सरळ केली. आप्पासाहेब माझ्याकडं नाही, मुलाकडं बघायला लागले.

तो उठला नाही. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आप्पा, एका वर्गात व्हतो आमी. बस. बाकीचं सगळं यांच्या मनाचं हाय."

मी ठरवलं होतं रडायचं नाही. रडले. शिवीनं नाही रडले, वस्ती काढली तेव्हा नाही रडले. ह्या वाक्यानं रडले. पार्किंगमध्ये निदान लफडं तरी होतं. आता तेवढंही नव्हतं. तीन वर्षं, तो काठ, ते थांबणं, माझं ते 'धर', सगळं माझ्या मनाचं. त्यानं माझं प्रेम नाकारलं असतं तर सोसलं असतं. त्यानं ते झालंच नाही म्हणून सांगितलं.

धडा अर्धा राहिला होता. मी डोळे न पुसताच पान उलटलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. "बस करा," हेडसर म्हणाले. मी वाचत राहिले. "बस म्हणलं ना," आप्पासाहेब ओरडले. मी वाचत राहिले. गर्भ कसा राहतो, कसा वाढतो, कसा जन्मतो. खिचडीच्या रांगेतली पोरं खिडकीशी जमली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मी पुस्तक मिटलं, सही न केलेला कागद त्याच्या बंद मोबाइलवर ठेवला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी गेटवरच सांगितलं, तुमचे तास काढलेत. कागद नाही, पत्र नाही. गावात तर विचारू नका. पोरानं नोकरी दिली म्हणून गळ्यात पडली, असं एक. पैशासाठी नाव घेतलं, असं दुसरं. भाऊ चार दिवस बोलला नाही. माय बोलली. म्हणाली, "त्या कपाचं मीच जाऊन बोलायला पाहिजे व्हतं, तवाच. चुलीत घालून गप बसले." एवढं बोलून खोकत बसली. यंदा तिच्याऐवजी मी जिनिंगवर जाते. कापसाचं तूस केसांत बसतं, निघत नाही.

एका रविवारी सकाळी दाराशी सायकली वाजल्या. दोन मुली. शबनम आणि पूजा, आमच्याच गावातल्या, मी होते तेव्हा त्याच शाळेत नववीला. यंदा दहावीला. आमच्या वस्तीत दोघीही आधी कधी आल्या नव्हत्या. बाहेरच उभ्या राहिल्या. दोघींच्या हातात पुस्तक.

"मॅडम, नवीन सर आलेत," पूजा म्हणाली. "म्हणले, ह्यो धडा घरी वाचा."

"मंग वाचा की घरी."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. शबनम म्हणाली, "हमारे घर में नहीं पढ़ सकते, मॅडम. तुमच्या घरी वाचू का?"

विचारलं. तिनं मला विचारलं.

मी त्यांना आत घेतलं. मायनं चहा टाकला. चार स्टीलचे ग्लास काढले, सगळे सारखे, चेमटलेले. शबनमनं ग्लास घेतला, पूजानं घेतला, फुंकर मारून प्यायल्या. मायनं ते एकदा बघून घेतलं. भाऊ बाहेरून आला, पुस्तक बघितलं आणि दाराला हात घातला. "दार तरी लावून घे. रस्ता हाय समोर."

रस्ता आहे. त्याच्या गावाहून परतूरला जाणारा. त्याची गाडी रोज याच रस्त्यानं जाते, आमच्या दारापाशी खड्डा आहे, तिथं ती हळू होते. एवढ्या वर्षांत तो आवाज ऐकून मी दरवेळी जागेवरून उठले आहे. आजही उठते. प्रेम संपलं नाही माझं. संपेल असं कुणी सांगत असेल तर सांगू दे. पण आता मी उठून दार लावणार नाही. नोकरी घ्या, नाव घ्या, माझं जे झालं ते झालंच नाही म्हणा. हा धडा या घरात वाचला जाईल, दर वर्षी, जी येईल तिच्यासाठी, जो येईल त्याच्यासाठी, आणि दार उघडं असेल.

शबनमनं पान काढलं. चेहरा नसलेली तीच बाई. तिनं पहिला शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला आणि थांबली.

"मोठ्यानं वाच," मी म्हणाले.